क्लासिक गाडीचं मागचं सस्पेन्शन : तुटलेले बोल्ट, पाटे, शॅकल आणि बुश यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः मागे पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या) असलेल्या गाड्यांसाठी आहे, कारण जुन्या साध्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा मागे सरळ अ‍ॅक्सल आणि त्याच्या दोन बाजूंना पाटे अशीच रचना सापडते. कॉइल, टॉर्शन बार किंवा स्वतंत्र मागचं सस्पेन्शन असेल तर त्याबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलंय, पण बोल्ट काढण्याचा आणि घट्ट करण्याचा भाग सगळ्यांनाच लागू होतो.

मागून आवाज येतोय, नक्की काय गेलंय ते कसं ओळखायचं?

आवाज कधी येतो ते आधी बघा. क्लच सोडताना किंवा गिअर टाकून गाडी निघताना एकच "ठक" येत असेल तर पुढच्या डोळ्यातला (डोळा म्हणजे पाट्याच्या टोकाची गोल कडी, जिच्यातून बोल्ट जातो) रबरी बुश किंवा ढिले यु बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला दाबून धरणारे यु आकाराचे बोल्ट) यांच्यावर पहिला संशय घ्या, कारण त्या क्षणी अ‍ॅक्सल पुढे ढकलला जातो आणि तो सगळा जोर पाट्याच्या पुढच्या टोकातून चेसीला जातो. खड्ड्यात खडखड होत असेल तर शॉकअपचं माउंटिंग. हळू चालवताना कुरकुर येत असेल तर शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक चेसीला जोडणारा हलता दुवा) बुश किंवा पाट्यांच्या मधली घासण. गाडी सरळ जातेय पण मागून बघणाऱ्याला तिरकी पळतेय असं वाटत असेल तर सेंटर बोल्ट (पाटे मध्यावर एकत्र धरणारा) तुटून अ‍ॅक्सल एका बाजूला सरकलाय असं धरून चाला.

मग खाली जा, टॉर्च घेऊन, आणि गंज बघा. सगळीकडे असतो तो नेहमीचा गंज वेगळा, आणि दोन भाग एकमेकांवर हलत असतील तिथे नटाच्या कडेला बारीक लालसर पावडर दिसते ती वेगळी. पाट्याच्या वरच्या सीटपाशी किंवा यु बोल्टच्या प्लेटजवळ एखादी चकचकीत घासलेली रेघ दिसली तर तिथे हालचाल आहे, मग नट हाताला कितीही घट्ट लागू दे.

मोजमाप पण करा, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या डोळ्याच्या बोल्टच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. दोन्ही जवळपास सारखं यायला पाहिजे. इथे एक घोळ होतो, काही लोक पाट्याचा पुढचा भाग आणि मागचा भाग मोजून बघतात आणि फरक दिसला की घाबरतात. बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सल पाट्याच्या बरोबर मध्यावर नसतोच, क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत तो मुद्दाम पुढे बसवलेला असायचा म्हणजे पुढचा आखूड भाग कडक राहतो आणि जोरात निघताना पाटा पिळवटत नाही. म्हणून तुलना डावी विरुद्ध उजवी करायची, पुढचं विरुद्ध मागचं नाही.

तुटलेलं आहे हे कळलं, तोपर्यंत हळूहळू चालवली तर चालेल ना?

सेंटर बोल्ट, यु बोल्ट, शॅकल, हँगर (चेसीवरचा कंस, ज्यात पाट्याचं टोक बसतं) किंवा मुख्य पाटा यातलं काहीही तुटलं असेल तर नाही. टोइंग करून न्या. पाट्याच्या गाडीत पाटा नुसता वजन उचलत नाही, तोच अ‍ॅक्सलला जागेवर धरतो, दुसरा कुठला आर्म नसतो. म्हणजे मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटला तर ब्रेक मारताना अ‍ॅक्सल एका बाजूने फिरू शकतो, आणि त्याच्यासोबत प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकचा पाइप पण ओढला जातो.

शॉकअपचा बोल्ट तुटला असेल तर लोक चालवतात. पाट्याच्या गाडीत हळू घरापर्यंत येता येतं हे खरं, पण लोंबकळणारा शॉकअप ब्रेकच्या पाइपला लागत नाही ना ते आधी बघा. कॉइलच्या गाडीत तेही नको, कारण कितीतरी गाड्यांत अ‍ॅक्सल खाली किती उतरायचा ते शॉकअपच ठरवतो, तो सुटला तर कॉइल जागेवरून निसटू शकते.

गाडी उचलायची कशी?

या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बोल्ट बिघडला तर दुसरा मिळतो, जीव नाही.

पहिली गोष्ट, मागची दोन्ही चाकं उचलल्यावर हँडब्रेकचा काही उपयोग नाही. बहुतेक क्लासिक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो, आणि ती तर हवेत आहेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पण काही होत नाही, त्याच कारणाने. म्हणजे गाडी फक्त पुढच्या चाकांच्या भरवशावर उभी आहे आणि त्यांना धरणारं काहीच नाही. म्हणून उचलायच्या आधी, आधी म्हणजे खरंच आधी, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून असे चार लाकडी ठोकळे घट्ट लावा. जमीन सपाट आणि पक्की पाहिजे.

दुसरी गोष्ट, पाट्याचं काम करायचं म्हणजे चेसी एकीकडे टेकवायची आणि अ‍ॅक्सल वेगळा टेकवायचा. दोन स्टँड चेसीखाली, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या थोडं पुढे जिथे चेसी मजबूत आहे तिथे, गंजलेल्या पत्र्याखाली नाही. आणि अ‍ॅक्सलखाली ट्रॉली जॅक, म्हणजे तो मिलीमीटर मिलीमीटर वर-खाली करता येतो. हाच जॅक पुढे तुमचा सगळ्यात कामाचा हात होणार आहे, बोल्ट भोकात अडकला असेल तर अ‍ॅक्सल अगदी थोडा वर किंवा खाली केला की वजन निघतं आणि जो बोल्ट हातोड्याने हलत नव्हता तो बोटाने बाहेर येतो.

तिसरी गोष्ट, अ‍ॅक्सल खाली सोडताना मध्यावरचा ब्रेकचा रबरी होज किती ताणला जातोय ते बघत राहा. हँडब्रेकची केबल पण. होज ताणला जात असेल तर तिथेच थांबा, किंवा होज सोडा आणि नंतर ब्रेक ब्लीड करा (पाइपमधली हवा काढा). विटा आणि सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका नटासाठी पण नाही.

बोल्ट निघतच नाही, काय करू?

आधी कुठे जाम आहे ते ओळखा, कारण उपाय त्यावर आहे.

नट आणि आट्यांमध्ये जाम असेल तर तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे स्वच्छ घासा, पेनिट्रेटिंग ऑइल मारा, रात्रभर ठेवा, परत मारा. दुसऱ्या दिवशी सहा कोनी सॉकेट लावा, बारा कोनी नको, ते गंजलेल्या नटाचे कोपरे खातं. थोडं घट्ट करायच्या दिशेने हलवा, मग ढिलं करा, परत घट्ट, परत ढिलं. चुकचुक आवाज येऊन थोडा जरी हलला तर थांबा, अजून ऑइल द्या. घाई केली तर बोल्ट तुटतो आणि तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं.

पण पाट्याच्या डोळ्यात वेगळाच प्रकार होतो. नट सहज निघतो, लोक खूश होतात, आणि मग बोल्ट काही बाहेर येत नाही. बुशच्या आत एक लोखंडी नळी असते, बोल्ट तिच्यातून जातो, आणि वर्षानुवर्षांच्या पाण्याने बोल्ट आणि नळी गंजून एकजीव झालेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे : पाना लावून डोकं फिरवा, बोल्ट थोडा फिरतो, पाना सोडला की आतलं रबर त्याला परत मागे आणतं. हातात ते स्पष्ट जाणवतं. असं झालं की पुढे ऑइल मारण्यात वेळ घालवू नका, नळीच्या पूर्ण लांबीत गंज बसलाय आणि ऑइल आतपर्यंत पोचत नाही. हातोड्याने ठोकलं तर डोळ्यातलं रबर धक्का खातं, बोल्टला काहीच लागत नाही, उलट हँगरचे पत्रे वाकतात.

इथे कापणं हाच मार्ग. डोळा आणि हँगरचा पत्रा यांच्यामध्ये छोटी फट असते, तिथे रेसिप्रोकेटिंग करवतीचं बायमेटल पातं घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापायचा. पातं हळू चालवा, दाब द्या, थोडं तेल सोडत राहा. मागे ब्रेकची लाइन किंवा पेट्रोलचा पाइप असेल तर मध्ये जाड पत्र्याचा तुकडा धरा. दोन काप झाले की पाटा खाली येतो, तुकडे हँगरमधून निघतात, आणि बुश तर तुम्ही बदलणारच होता.

गॅसने गरम करून काढतात ना सगळे?

वर्कशॉपमध्ये काढतात, आणि नट लाल झाला की गंजाची पकड सुटते हे बरोबर आहे. पण गाडीच्या मागच्या बाजूला आजूबाजूला काय आहे ते बघा. पेट्रोलची टाकी बहुतेक वेळा अ‍ॅक्सलच्या मागेच असते, पाइप चेसीला लागून जातात, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक कारण तिच्यात वाफ असते. टाकी पूर्ण काढून दूर नेल्याशिवाय ज्योत नको. रबरी बुश पेटला की काळा विषारी धूर येतो, तोही फुप्फुसात जाणार.

आणि पाटा गरम करायचाच नाही. पाट्याच्या पोलादाची स्प्रिंग ही ताकद उष्णता देऊन आणि थंड करून कमावलेली असते, डोळा लाल केला की ती तिथे संपली. वरून काही दिसत नाही, काही महिन्यांनी तिथूनच वाकतो किंवा तुटतो. नटाला उष्णता द्यायचीच असेल तर इंडक्शन हीटर बरा, ज्योत नसते आणि उष्णता नटापुरतीच राहते. पण टाकीचा नियम त्यालाही लागू.

डोकं तुटलं आणि बाकीचा बोल्ट आत राहिला. आता?

थोडा बाहेर आलेला असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा, हा माझा आवडता उपाय आहे. नट पकडायला मिळतो आणि वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टच्या गाभ्यात जाते. गार होऊ द्या, मग हळू पुढे-मागे करत काढा. पहिल्यांदा वेल्ड सुटलं तर परत करा, दोन-तीनदा करायला लागणं अगदी नॉर्मल आहे.

आतच तुटला असेल तर ड्रिल. सगळं यश पहिल्या पंचमध्ये आहे. तुटलेला पृष्ठभाग खडबडीत असतो, फाइलने किंवा छोट्या ग्राइंडिंग स्टोनने सपाट करा, बरोबर मध्यावर पंच मारा, नीट बघा, मध्यावर नसेल तर पंच तिरका धरून खूण सरकवा. आधी ३ मिमीचं भोक सरळ आरपार, मग मोठं मोठं करत जा. उलट्या दिशेचे ड्रिल बिट मिळाले तर तेच घ्या, कितीतरी वेळा ड्रिल करता करताच बोल्ट पकडून बाहेर येतो.

स्क्रू एक्स्ट्रॅक्टर जपून. बारीक एक्स्ट्रॅक्टरला जोर लावला की तो आत तुटतो, आणि तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं, कार्बाइडच लागतं. जो बोल्ट पूर्ण ताकदीने निघाला नाही तो त्याच्या निम्म्या जाडीच्या एक्स्ट्रॅक्टरने निघेल अशी आशा धरू नका. शेवटी आट्यांपर्यंत ड्रिल करून टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा. १० मिमी जाड आणि १.५ पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) बोल्टला ८.५ मिमी, १२ मिमी आणि १.७५ पिचला १०.२ मिमी भोक लागतं. आटे गेलेच तर तारेचं कॉइल बसवून मूळ मापाचे नवे आटे करता येतात, नीट बसवलं तर ते काम पक्कं होतं.

चेसीच्या आतला वेल्ड केलेला नट सुटून फिरायला लागलाय, हात पोचत नाही.

डिकीतला शॉकअपचा वरचा नट आणि हँगरचा आतला नट या दोन्हीकडे हे होतं. आधी डिकीची मॅट, सीटमागचा पुठ्ठा, रबरी बूच सगळं काढून बघा, बऱ्याच गाड्यांत वरून पोचायची जागा कंपनीनेच ठेवलेली असते आणि नंतर कोणीतरी अंडरकोटिंगने बुजवलेली असते. नसेल तर नटाच्या बरोबर वर, पत्र्याच्या सपाट भागात, घडीपासून आणि वेल्डच्या रेषेपासून दूर एक नीट गोल भोक पाडा आणि काम झालं की रबरी बूच बसवा. चेसीच्या पेटीच्या खालच्या बाजूला किंवा कडेला भोक पाडू नका, तिथेच सगळा ताण असतो. नवा नट घालताना जाड प्लेटवर वेल्ड करून ती प्लेट आत घाला, म्हणजे पुढच्या वेळी फिरणार नाही.

नवीन बोल्ट कुठला घालू? स्टेनलेस चांगला ना, गंजत नाही?

स्टेनलेस नको. दिसायला छान, पण बाजारात सर्रास मिळणारा ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कलच्या आसपास कायमचा ताणला जायला लागतो, आणि साधा ८.८ ग्रेडचा बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांना चिकटून जाम होतात.

डोक्यावरची खूण वाचायला शिका. मेट्रिकमध्ये ८.८ किंवा १०.९ असं छापलेलं असतं. अमेरिकन इंची बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. काहीच खूण नसेल तर तो सस्पेन्शनमध्ये घालायचा नाही. मूळ ग्रेड होती तीच किंवा मॅन्युअल सांगेल ती घ्या. १२.९ घेतला म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही, इतक्या कडक बोल्टला साधं इलेक्ट्रोप्लेटिंग केलं तर त्यात हायड्रोजन शिरून तो अचानक ठिसूळपणे तुटू शकतो.

ग्रेडइतकाच महत्त्वाचा आणि नेहमी विसरला जाणारा मुद्दा म्हणजे आटे कुठून सुरू होतात. डोळ्यातून आणि शॅकलमधून जाणाऱ्या बोल्टचा गुळगुळीत भाग हँगरच्या दोन्ही पत्र्यांमध्ये बसला पाहिजे, आटे त्याच्या बाहेर. पूर्ण आट्यांचा बोल्ट घातला तर पत्रा आट्यांवर टेकतो, आटे चेपतात, भोक लांबट होतं, आणि सगळं परत ढिलं. योग्य लांबीचा मिळत नसेल तर जास्त लांब गुळगुळीत भागाचा घेऊन नटाखाली जाड कडक वॉशर घाला.

जुन्या ब्रिटिश गाडीत माप लावताना सांभाळा. १९५० च्या दशकात तिथल्या कारखान्यांनी हळूहळू युनिफाइड आटे घेतले, त्याआधीच्या गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ (जुनी ब्रिटिश आट्यांची मापं) असतात, आणि एकाच गाडीत दोन्ही पण सापडतात. व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, युनिफाइड आणि मेट्रिकचा ६० अंश. अर्धा इंच जाडीला व्हिटवर्थ इंचाला १२ आटे आणि युनिफाइड जाड आटे १३, म्हणजे नट दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. अडला की थांबा, पान्याने ढकलू नका, थ्रेड गेज लावा.

यु बोल्ट चांगले दिसतायत, परत वापरू का?

नाही. यु बोल्ट घट्ट करताना ताणला जातो आणि त्या ताणावरच पाटा अ‍ॅक्सलला दाबून धरतो. एकदा वापरलेला, गंजलेला, वर्षानुवर्षं धक्के खाल्लेला यु बोल्ट परत तेवढाच दाब देईल याची खात्री नाही. नवे घ्या, नट आणि वॉशर पण नवे. अ‍ॅक्सलच्या नळीच्या गोलाईला बरोबर बसणारा वाक पाहिजे, थोडा उघडलेला यु हातोड्याने ठोकून बसवायचा नाही. चारही नट आधी हाताने, मग तिरक्या क्रमाने तीन-चार टप्प्यात टॉर्क पान्याने. प्रत्येक बाजूला आट्यांची बाहेर आलेली लांबी सारखी आहे ना बघा.

आणि रंग. रिस्टोअर करताना लोक पाट्याची सीट, प्लेट, सगळं जाड पावडर कोटिंग करून आणतात. दोन दाबल्या जाणाऱ्या पृष्ठभागांमध्ये जाड थर राहिला की काही दिवसांनी तो चेपतो आणि यु बोल्ट तेवढा ढिला होतो. त्या जागी पातळ प्रायमर पुरे.

सेंटर बोल्ट तुटलाय, तो कसा बदलायचा?

पाटा गाडीवरून काढा. मध्याच्या दोन्ही बाजूंना एक एक मजबूत सी क्लॅम्प लावा, जोडीने, कारण पाट्यांच्या कमानी वेगवेगळ्या असतात आणि बोल्ट निघाला की ते उघडतात. जुना काढा, नवा घाला, पाटे कडेने एका रेषेत आणा, क्लॅम्प घट्ट करत करत पाटे जवळ आणा, शेवटी नट. सेंटर बोल्टच्या नटाने पाटे ओढून आणायचे नाहीत, ते काम क्लॅम्पचं. डोकं अ‍ॅक्सलच्या सीटमधल्या भोकात बसतं, म्हणून त्याचा व्यास आणि उंची मूळ डोक्याइतकीच पाहिजे, साधा हार्डवेअरचा बोल्ट तिथे चालत नाही.

पण सेंटर बोल्ट बदलून काम संपलं असं समजू नका. तो बोल्ट पाटे एकत्र धरायला आणि जागा दाखवायला आहे, अ‍ॅक्सलचा जोर झेलायला नाही. जोर झेलतो यु बोल्टच्या दाबातून तयार होणारा घर्षणाचा विरोध. यु बोल्ट ढिले झाले की अ‍ॅक्सल प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक वेळी निघताना किंचित सरकतो आणि तो सगळा धक्का त्या बारक्या बोल्टवर येतो. म्हणजे तुटलेला सेंटर बोल्ट बघितला की यु बोल्ट, त्यांची प्लेट आणि सीट हे तपासायचंच.

एक पाटा तुटलाय, वेल्ड करून चालेल?

नाही. वेल्डच्या कडेचं पोलाद ठिसूळ होतं आणि तिथूनच परत तुटतं. इतकंच काय, शेजारी चेसीचं वेल्डिंग करताना पाट्यावर पडलेला आर्कचा एक ठिपका पण पुढे भेगेची सुरुवात होऊ शकतो, म्हणून वेल्डिंग करताना पाटे झाका आणि अर्थिंगचा क्लॅम्प पाट्याला कधीच लावू नका. तुटलेला पाटा बदला. आणि दुसऱ्या बाजूचाही तेवढाच म्हातारा आहे, म्हणून जोडीने बदला, नाहीतर गाडी एका बाजूला झुकून बसेल.

बुश रबरी की पॉलियुरेथेन?

रोज आरामात चालवायची, मूळ फील हवा, तर रबरी. जास्त टाइट हँडलिंग हवं आणि थोडा आवाज चालत असेल तर पॉली. पण मागच्या शॅकलला आणि पुढच्या डोळ्याला दोन्हीकडे खूप कडक पॉली घातलं तर पाट्याला पिळायला जागा राहत नाही आणि जोर हँगरवर जातो, जुन्या पातळ चेसीत मी तरी हे करणार नाही. रबराला साबणाचं पाणी लावून बसवा, साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबर फुगवतं. पॉलीला सोबत येणारं सिलिकॉन ग्रीस.

जुन्या बुशची बाहेरची नळी डोळ्यात अडकली असेल तर हॅकसॉचं पातं आतून घालून नळीला एक लांब काप द्या, डोळ्याला लागायच्या आत थांबा, मग छिन्नीने ती आत दुमडली की निघते. नवा बुश व्हाइसमध्ये दोन सॉकेट लावून सरळ दाबून घाला, ठोकून नको.

सगळं बसवलं, आता घट्ट कधी करायचं?

इतक्या गाड्यांचे नवे बुश वर्षात फाटतात त्याचं कारण इथे आहे. रबरी बुशमध्ये आतली नळी बोल्टने हँगरला पक्की होते, बाहेरची डोळ्याला, आणि मधलं रबर पिळून हालचाल देतं. ते फिरत नाही, पिळतं, आणि पिळण्याला मर्यादा आहे. गाडी स्टँडवर असताना, अ‍ॅक्सल लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केले तर रबर त्या लोंबकळलेल्या अवस्थेत सरळ राहतं. गाडी खाली आणली की वजनाने डोळा फिरतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, उभ्या गाडीत सुद्धा. मग खड्ड्यात त्याच्या वर अजून पिळ. गाडी मागून थोडी उंच दिसते, लोक म्हणतात नवे पाटे बसायला वेळ लागेल, आणि तोपर्यंत रबर चिरायला लागलेलं असतं.

म्हणून डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट आधी फक्त लागतील इतकेच घट्ट करा. चाकं लावा, गाडी खाली टेकवा, पुढे-मागे थोडी ढकला, मागून दोन-चार वेळा दाबा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या उंचीला बसतं. मग त्याच वजनावर टॉर्क द्या. खाली जायला जागा नसेल तर चाकं रॅम्पवर चढवा, किंवा अ‍ॅक्सलखाली स्टँड लावून गाडीचं पूर्ण वजन अ‍ॅक्सलवर येऊ द्या. यु बोल्ट मात्र वर असताना पण घट्ट करता येतात, त्यांचा रबराशी संबंध नाही.

आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. तो सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो, आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायचं मलम) लागलं तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. अँटीसीझ बोल्टच्या गुळगुळीत भागाला लावा, तिथेच पुढच्या वेळी जाम होणार आहे. नायलॉकचे नट प्रत्येक वेळी नवे. कॅसल नट असेल तर टॉर्क दिल्यावर पिनचं भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत घट्ट करा, मागे ढिला करू नका.

तोच बोल्ट परत परत तुटतोय, जास्त जाड घालू का?

आधी तुटलेला तुकडा हातात घ्या, फेकला असेल तर कचऱ्यातून शोधा. तुटलेला भाग नीट उजेडात बघा. अर्धा-पाऊण भाग गुळगुळीत, थोडा काळपट किंवा गंजलेला, आणि त्यावर लाटा ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा बारीक वळणदार रेघा दिसतात का? आणि उरलेला छोटा भाग खरखरीत, दाणेदार, चमकदार? मग तो बोल्ट एका धक्क्याने तुटलेला नाही. एका कडेला बारीक भेग सुरू झाली, ती रोज थोडी थोडी पुढे सरकत गेली, आणि शेवटी उरलेला छोटा भाग एका खड्ड्यात गेला. रेघा जिथून पसरतात ती कडा बघा, भेग तिथे सुरू झाली. बहुतेक वेळा ती नटातल्या पहिल्या आट्याशी किंवा डोक्याच्या खालच्या वळणाशी असते.

अशी भेग येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बोल्ट ढिला असणं. नीट ताणलेल्या बोल्टला बाहेरच्या धक्क्याचा थोडाच भाग जाणवतो, ढिल्या बोल्टला सगळा. त्यामुळे जाड किंवा कडक बोल्ट घालून प्रश्न सुटत नाही, भोक लांबट झालंय का, पत्रा चेपलाय का, जाड रंग मध्ये आहे का, बम्प स्टॉपचं (अ‍ॅक्सल वर चेसीवर आपटू नये म्हणून लावलेलं) रबर गळून पडलंय का, हे शोधा. पूर्ण भाग दाणेदार असेल तर एकाच मोठ्या धक्क्याने किंवा जास्त टॉर्कने गेलाय. मधे मान बारीक होऊन ओढल्यासारखा दिसत असेल तर पान्याने जास्त ताणलाय.

हँगरच गंजून फाटलाय.

मग हे सस्पेन्शनचं नाही, चेसीचं काम झालं. हातोडीच्या टोकाने टोचून बघा, चांगलं लोखंड खणखणतं आणि गेलेलं भद्द वाजतं. चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढायचं, वरून पत्र्याचं ठिगळ मारायचं नाही. कापायच्या आधी पुढच्या आणि मागच्या बोल्टच्या भोकांची मापं दोन्ही बाजूंनी आणि तिरकी घ्या, जमलं तर एक लोखंडी पट्टी तात्पुरती टॅक करून भोकांची जागा पकडून ठेवा. हँगर ५ मिमी जरी मागे बसला तरी अ‍ॅक्सल कायमचा तिरका. टाकी बाहेर, बॅटरी सोडलेली, आतलं अंडरकोटिंग खरवडलेलं. वेल्डिंग नवशिक्याचं असेल तर हे काम जाणत्याकडे द्या, इथे वेल्ड सुटला तर मागचं चाक जातं. शेवटी आत कॅव्हिटी वॅक्स मारा आणि पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, हँगर बहुतेक त्या भोकांत चिखल बसल्यामुळेच गंजलेला असतो.

माझ्या गाडीला पाटेच नाहीत.

कॉइल असेल तर अ‍ॅक्सल पूर्ण मोकळा होऊन कॉइल सैल झाल्याशिवाय शॉकअप किंवा आर्म सोडू नका, गरज असेल तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर (कॉइल दाबून धरायचं हत्यार) वापरा. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) असेल तर त्याचेही बोल्ट गाडीच्या वजनावरच घट्ट करायचे.

फोक्सवॅगन बीटलला मागे टॉर्शन बार आहे. त्याची स्प्रिंग प्लेट खालच्या स्टॉपवर ताणून टेकलेली असते, ती सोडली की जोरात खाली येते, तिच्या वाटेत हात नको. बारच्या आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात, त्या फरकामुळे उंची बारीक जुळवता येते, म्हणून काढायच्या आधी प्लेटचा कोन मोजून लिहून ठेवा.

१९६३ ते १९८२ च्या कॉर्व्हेटमध्ये ट्रेलिंग आर्मचा पुढचा बोल्ट चेसीच्या खिशात बुशच्या नळीला गंजून बसतो, तिथे वर सांगितलं तेच करवतीचं काम, फक्त दोन्ही बाजूंचे शिम (फट भरायच्या पातळ पट्ट्या) कुठले किती होते ते आधी नोंदवा, मागच्या चाकांचं टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते) त्यावर आहे. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये डिफरन्शियल, कॉइल आणि आतले डिस्क ब्रेक सगळं एका पिंजऱ्यात असतं, गंभीर काम असेल तर पूर्ण पिंजरा खाली उतरवणंच सोपं पडतं. एमजीबीसारख्या गाड्यांत पाटे आहेत पण नळीचे शॉकअप नाहीत, लिव्हरचे हायड्रॉलिक डँपर आहेत, त्यात ऑइलची पातळी बघा आणि गळत असेल तर माउंटिंगचे बोल्ट कितीही घट्ट केले तरी खडखड जाणार नाही.

काम झाल्यावर परत कधी तपासायचं?

पहिल्या १०० किलोमीटरच्या आसपास यु बोल्टना परत टॉर्क पाना लावा, नवे पाटे आणि प्लेट बसताना थोडे चेपतात आणि दाब कमी होतो. परत ८०० ते १००० किलोमीटरला. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पत्र्यावर पेंटच्या मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा, पुढच्या वेळी खाली वाकून रेघ जुळतेय का एवढंच बघायचं. रेघ सरकली असेल तर नट नुसता घट्ट करून सोडू नका, तो काढून आटे, वॉशर आणि खालचा पृष्ठभाग बघा. ब्रेकचा होज अ‍ॅक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना कुठे घासत नाही ना हेही याच वेळी बघून घ्या, आणि डावी-उजवी मापं परत घेऊन आधीच्या आकड्यांशेजारी लिहा.